काळी दोन आणि जवसाचं तेल

माझी नात नागपूरला इंजिनिअरिंग शिकते. मागच्या उन्हाळ्यात अमरावतीला आली तेव्हा काडेपेटीएवढी एक हिरवी पाटी घेऊन आली. तिला चार तारा आणि तारांच्या टोकाला अंगठ्याएवढी एक डीसी मोटर. मोटरच्या चाकावर बोट दाबलं तरी वेग घटेना.

"आजोबा, या पाटीवर मायक्रोकंट्रोलर आहे," ती म्हणाली. "तो सारखा बघतो, चाक किती वेगानं फिरतंय. कमी झालं की वीज वाढवतो, जास्त झालं की घटवतो. याला फीडबॅक म्हणतात."

"बेटा," मी म्हटलं, "हे काम मी तुझा बाप जन्मायच्या आधी केलंय. तुझ्याजवळ ही पाटी आहे, माझ्याजवळ शिशाचे दोन गोळे होते आणि तुझी आजी होती."

आत स्वयंपाकघरात पळी पातेल्यावर आपटल्याचा आवाज आला. आमच्या घरात या आवाजाचा अर्थ 'जपून बोला' असा आहे. म्हणून जपून सांगतो.

आमच्या वऱ्हाडात बऱ्याच गावी वीज आली ती मागून. आधी भोंगा आला. अमरावतीत माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं. दुकान म्हणजे आत्याच्या घराची पुढची खोली. मागच्या खोलीत आत्या फुलांचे हार ओवी, पुढच्या खोलीत मी तारा ओवी. लग्नाच्या घरची माणसं यायची ती एकाच दारातून दोन्ही कामं उरकून जायची. माझ्या भोंग्याची ताकद काय सांगावी? मी बडनेऱ्यात गाणं लावलं की तिकडे मेळघाटात सेमाडोहच्या वाघांनी कूस बदलावी. (पळी आपटली. बरं, एकाच वाघानं.)

आवाज ट्रकच्या बॅटरीवर चाले. तबकडी मात्र चावीवर फिरे. एका तबकडीला एक चावी, आणि चावी द्यायला विसरलं की गाणारी बाई तिसऱ्या कडव्यात मान टाकी. लग्नाच्या दिवसात चावी फिरवून माझा उजवा दंड डाव्याच्या दुप्पट झाला होता. शिंपी सदरा शिवताना दोन माणसांची मापं घेई. म्हणून अकोल्याच्या भंगारबाजारातून मी एक डीसी मोटर आणली. लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या मालातली. विकणारा म्हणाला, "भाई, हवाई जहाज की है. लगाओ, गाना उड़ेगा."

आणि गाणं खरंच उडालं.

बॅटरी ताजी असली की मोटर अशी पळे की बाईचा आवाज पोपटासारखा व्हावा. पातूरच्या एका लग्नात गाण्याच्या वेगानं नवरदेवाची घोडी इतकी पेटली, की ती मांडवावरून सरळ पुढच्या गावच्या मांडवात शिरली. तिथल्या सुवासिनींनी त्याला ओवाळूनही घेतलं. आणि बॅटरी उतरली की उलटं. बाईचा आवाज घोगरा होत होत पैलवानासारखा होई, आणि पंगतीतली माणसं गाण्याच्या चालीवर घास चावू लागत. वाढपी जिलबी घेऊन थकून जात, पण वरण-भात काही संपत नसे.

अशाच एका उतरत्या गाण्याच्या वेळी दुकानासमोरून एक मुलगी चालली होती. समोरच्या गल्लीत पेटी शिकवणारे एक मास्तर राहत, त्यांची मुलगी. थांबली, ऐकलं, आणि मला म्हणाली, "गानाऱ्या बाईले ताप आला वाटते."

एवढंच. पण त्या दिवसापासून ताप मला होता.

मास्तरांच्या कानाबद्दल अख्ख्या अमरावतीत दबदबा होता. दारावरून टांगा गेला की म्हणत, "चाकाले तेल नाही, पन गंधार चोख हाये." शेजारचं बाळ रडलं की त्याची आई आधी यांना विचारी, "मास्तर, भुकेचं हाये का पोटदुखीचं?" मास्तर पट्टी ऐकून सांगत. अशा माणसाकडे माझी आत्या माझं स्थळ घेऊन गेली. मी मागे, हातात शेवंतीचा हार घेऊन, बळीच्या बोकडासारखा.

"मास्तर, पोट्टा माह्या हातचा हाये," आत्या म्हणाली. "बिडी नाही, पत्ता नाही."

"ते खरं वं बाई. पन तुमी त्याचा भोंगा आयकला काय? काल कोपऱ्यावरच्या लग्नात गानं काळी दोनमंदी सुरू झालं अन् पांढरी एकमंदी मेलं. जित्या बाईचा असा गळा कापते काय कोनी?"

काळी दोन, पांढरी एक या पेटीवरच्या पट्ट्या. म्हणजे गाणं चांगलं तीन पायऱ्या खाली घसरलं होतं.

"गान्याचं काय घेऊन बसले, मास्तर? संसार म्हनजे काय गानं हाये?"

"मंग दुसरं काय हाये?"

मास्तर माझ्याकडे वळले.

"हे पाह्य लेका. नांदगाव खंडेश्वरले माह्या बहिनीच्या पोरीचं लग्न हाये. भोंगा तुहा. नवरदेव मांडवात येते तवा सनईची तबकडी लावजो. तिचा सूर काळी दोन. तबकडीची बाजू संपेपर्यंत सूर तिथंच राह्यला, तं पोरगी तुमची. घसरला, तं मूर्तिजापूरचं स्थळ हायेच. पोट्टा पोस्टात हाये. तिथं सारं टायमावर असते."

आतल्या दाराचा पडदा हलला. मास्तर तिकडे न पाहताच म्हणाले, "अन् तू भाजी पाह्य वं, लागून राह्यली."

लग्नाला महिना होता. मी मोटर आणि बॅटरीच्या मध्ये एक गुंडी बसवली. उजवीकडे पिळली की वीज जास्त, डावीकडे पिळली की कमी. वाटलं, झालं काम! सूर घसरला की गुंडी उजवीकडे, चढला की डावीकडे. एवढं तर बैलही करील.

बैलानं केलं असतं, मला जमेना. आमची आत्या वरणात मीठ घालायची तसं माझं होई. चाखायचं, अळणी लागलं की चिमूट टाकायची, ती विरघळायच्या आत पुन्हा चाखायचं, अजून अळणीच, म्हणून आणखी चिमूट. मग एकदम खारट. मग पाणी. शेवटी दोन माणसांचं वरण गल्लीला वाटावं लागे. सूर घसरला हे माझ्या कानाला कळेपर्यंत तो बराच घसरलेला असे. मी गुंडी पिळे, पण तबकडीखालचं जड लोखंडी चाक उठायला वेळ घेई. मी आणखी पिळे, आणि मग गाणं उधळे. माझ्या गाण्याला आता एकच रोग नव्हता, ताप आणि थंडी आळीपाळीनं येत होती.

उपाय सापडला तो पिठाच्या गिरणीत. दळण घेऊन रांगेत उभा होतो. समोर ऑइल इंजिन धडधडत होतं आणि त्याच्या डोक्यावर लोखंडाचे दोन गोळे गरगरत होते. इंजिन वेगात आलं की गोळे फुगडीतल्या मुलींसारखे बाहेर फाकत आणि एक दांडी ओढून तेल कमी करत. वेग उतरला की गोळे जवळ येत, तेल वाढे. कोणी माणूस गुंडी पिळत नव्हता. इंजिन स्वतःच स्वतःचे कान पिळत होतं! मी दळण तिथंच टाकून घरी पळालो. आत्या विचारते, "पीठ कुठं हाये?" मी म्हणतो, "आत्या, लगन जमलं."

छऱ्यांचं शिसं वितळवून मी दोन गोळे ओतले, बोरांएवढे. ते घड्याळाच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर बसवले आणि पट्ट्या मोटरच्या दांड्यावर. मोटर जोरात फिरली की गोळे फाकत, दांड्यावरचं एक पितळी कडं मागे सरके, आणि वीज जोडणारे फटफटीचे जुने पॉइंट होते ते उघडत. वीज तुटे. मोटर मंदावली की कडं पुढे येई, पॉइंट जुळत, वीज पुन्हा सुरू. असं क्षणात कितीदा तरी. टिक-टिक-टिक-टिक. सगळं एका पत्र्याच्या डब्यात. आता बॅटरी ताजी असो की शिळी, तबकडीला पत्ता लागत नव्हता.

फक्त एक अडचण उरली. किती वेगावर वीज तोडायची हे ठरवायला एक स्क्रू होता. तो किती पिळायचा? मला काळी दोन कुठे ठाऊक? माझ्याजवळ पेटी नव्हती, आणि मास्तरांकडे मागायला जाणं म्हणजे परीक्षेचा पेपर मास्तरांकडूनच मागणं.

एका सकाळी मी सनईची तबकडी लावून स्क्रूशी झटत होतो, तेवढ्यात समोरच्या गल्लीतून पेटी वाजली. एकच पट्टी. लांब, न तुटता. थांबली, पुन्हा तीच. आणि मला ऐकू आलं, की तो सूर आणि माझ्या सनईचा सूर यांच्यामध्ये काहीतरी थरथरतंय. घुंई-घुंई-घुंई. स्क्रू जरा पिळला, घुंई लांबली. आणखी जरासा, ती आणखी लांबली, झोपाळा थांबत यावा तशी. मग एका जागी ती विरूनच गेली आणि दोन सुरांचा एक झाला. दोन सूर अगदी जवळ असले पण एक नसले, तर ते असे भांडतात. भांडण मिटलं की समजावं, जागा सापडली. हे मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नाही. हे मला समोरच्या खिडकीनं शिकवलं.

मास्तरांचा आवाज आला, "काहून वं, आज पलटे नाही, काही नाही, एकच पट्टी?"

"भात्यात हवा किती टिकते ते पाहून राह्यली, बाबा."

नंतर रोज सकाळी भात्यात हवा किती टिकते ते पाहिलं जाऊ लागलं. आमच्यात शब्द नाही, नजर नाही. लोकांनी चिठ्ठ्या दिल्या असतील, गजरे दिले असतील. मला त्या मुलीनं काळी दोन दिली. एवढ्यावर मी हवेत चालत होतो. माझ्या चपला त्या महिन्यात झिजल्याच नाहीत.

आत्या मात्र डब्यावर नाराज होती. "बाबू, तुह्या डब्यातून कुरकुर येते रे."

"ती कुरकुर नाही आत्या, ते काम हाये."

"काम असं कुरकुर करत नसते."

आत्याच्या राज्यात कुरकुर करायची परवानगी एकट्या तिला होती. दाराची बिजागरी असो, विहिरीचा रहाट असो, स्वतःचा गुडघा असो, सगळ्यावर तिचा इलाज एक. जवसाचं तेल. भाकरीवर तेच, चटणीवर तेच, केसांना तेच. माझ्या लहानपणी कान दुखला तर त्यातही तेच. माझं डोकं आजवर नीट चाललं ते त्यामुळेच, असं ती सांगे.

लग्नाचा दिवस वैशाखातला. नांदगाव खंडेश्वरला ऊन असं होतं की सावल्यासुद्धा सावली शोधत होत्या. आम्ही सकाळीच पोचलो. बाभळीवर भोंगा बांधला, मांडवाच्या कोपऱ्यात यंत्र मांडलं. सकाळी गाणी अशी सुरात वाजली की मास्तर दोनदा मांडवाबाहेर येऊन बघून गेले, खरोखरचा गवई तर कोणी बसवला नाही ना. मूर्तिजापूरचं पोस्ट माझ्या डोळ्यांसमोर बंद होऊ लागलं.

मुहूर्त गोरजाचा, दिवस कलण्याच्या वेळचा. दुपारी जेवायला गेलो तेव्हा यंत्रावरची सावली सरकली आणि डबा दोन तास उन्हात तापला. संध्याकाळी नवरदेव मारुतीच्या देवळापासून निघाला, वाजंत्री वेशीकडून ऐकू येऊ लागली, म्हणून मी एक गाणं लावून पाहिलं.

गाणं उधळलं. बाईचा पोपट झाला. मग एकदम पैलवान. मग पुन्हा पोपट. मांडवातली पोरं हसून लोळू लागली. समोरच सतरंजीवर मास्तरांची पेटी होती आणि पेटीमागे त्यांची मुलगी, कारण मंगलाष्टकं तीच म्हणणार होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बाजूला मास्तर डोळे मिटून बसले होते. त्यांच्या कपाळावरची गंधाची रेघ आडवीची उभी झाली.

मी डबा उघडला. पितळी कडं दांड्यावर चिकटून बसलं होतं. बोट लावलं तर मधासारखी तार निघाली. मोटरला भरपूर रेटा बसला की ते सुटे, सुटलं की पलीकडच्या टोकाला जाऊन पुन्हा चिकटे. बोटाचा वास घेतला.

जवस.

"आत्या!"

आत्या हारांची पाटी सोडून आली. "काय झालं?"

"यात तेल कोनं घातलं?"

"मी घातलं. आठ दिवस झाले, रोज दोन थेंब. कुरकुर गेली का नाही?"

"गेली आत्या. सारंच गेलं."

सुतार हेच तेल लाकडावर चोळून उन्हात वाळवतो तेव्हा त्याची चकाकी होते. माझ्या गोळ्यांवर तीच चकाकी चढली होती. रॉकेलनं धुवायला अर्धा दिवस हवा होता आणि वाजंत्री पाराजवळ आली होती. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

"आत्या," मी म्हटलं, "चिमटा दे."

पॉइंटांवरून तारेचा एक तुकडा जोडून मी वीज सरळ मोटरला दिली आणि गोळ्यांना कामावरून काढलं. आता मी, जुनी गुंडी आणि आत्याचं वरण.

नवरदेव मांडवाच्या दारात आला. मी सनईवर सुई ठेवली. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, पण त्या दिवशीची बाजू वऱ्हाडातल्या उन्हाळ्याएवढी लांब होती. सुरुवातीलाच सूर खाली चालला. मी गुंडी पिळली. जास्त पिळली गेली, सूर वर गेला. मागे घेतली, जास्त मागे गेली. मास्तरांची उजवी भुवई हलली. मग डावी. माझ्या हाताला असा घाम सुटला की गुंडी साबणासारखी झाली. आणि आता खरा सूर कुठला, तेच मला कळेना. कानात पोपट आणि पैलवान दोघंही एकदम बोलत होते.

तेवढ्यात पेटी वाजली.

एकच पट्टी. लांब, न तुटता.

आणि सनई आणि पेटी यांच्यामध्ये ती माझ्या ओळखीची घुंई-घुंई उठली. मी वर पाहिलं नाही. गुंडी केसभर हलवली. घुंई लांबली. आणखी केसभर. विरली. पुढे सनईवाल्यानं जोराची तान घेतली, भोंग्यानं बॅटरी ओढली, चाक बसू लागलं. पण सूर घसरल्याचं कानाला कळायच्या आधीच घुंईचा पहिला हेलकावा आला आणि माझं बोट हललं. चिमूट नाही, मिठाचा एकच खडा. तो विरघळू दिला. मग पुढचा. ती भाता मारत होती, मी गुंडी धरून होतो, आणि मध्ये सनई अशी सरळ चालली होती की तिच्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. मांडवातली सगळी माणसं नवरदेवाकडे बघत होती. मास्तरांनी एक डोळा उघडला. तो मुलीकडे गेला, मुलीकडून माझ्या बोटाकडे आला, आणि मिटला.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मी तारा गुंडाळायचं निमित्त करून बराच वेळ बाभळीवरच बसून होतो. शेवटी मास्तरांनी खालून हाक मारली, "उतर लेका, वाघ नाही मी."

उतरलो. आत्या आधीच उभी होती.

"हालला," मास्तर म्हणाले. "सुरुवातीले दोन खेप हालला."

"मास्तर, चूक माही हाये," आत्या म्हणाली. "तेल मी घातलं. पोट्ट्याच्या मशीनले दोष देऊ नका."

"मशीन फेल झाली बाई, ते मले बी दिसलं." मग ते मुलीकडे वळले. "अन् तुले पट्टी दाबाले कोनं सांगितलं होतं?"

तिनं पेटीचा भाता शांतपणे बंद केला. "सनई सुराबिगर वाजते काय, बाबा? तुमीच शिकवलं. जोडीले सूर भरनारा पाह्यजे."

मास्तरांच्या मिशीचं एक टोक वर गेलं, मग दुसरं.

"न हालनारा सूर मी बी आजलोक आयकला नाही," ते आत्याला म्हणाले. "हाललेला वापस कसा आनते, ते पाह्यलं आज. मूर्तिजापूरवाल्याले कार्ड टाका. पोस्टातला हाये, कार्ड लवकर भेटीन त्याले."

आमच्या लग्नात सासऱ्यांनी भोंगा लावू दिला नाही. बोरांसारख्या फुगलेल्या गालांचे दोन खरे सनईवाले आणले. एक वाजवी, दुसरा सूर भरी. आत्यानं त्यांच्या सनयांना जवसाचं तेल लावायला घेतलं, तेव्हा मास्तर स्वतः धावत आले.

आत्या गेली, मास्तर गेले. अमरावतीच्या गल्ल्यांतून आता टांगे जात नाहीत, त्यामुळे गंधारही जात नाही. मोटर माळ्यावर आहे. नातीला दाखवायला म्हणून काढली. शिशाचे गोळे काळे पडलेत, पितळी कड्यावर जवसाची पिवळी चकाकी अजून तशीच आहे. तिनं नखानं खरवडून पाहिली, निघाली नाही. मी तिला सगळी हकिगत सांगितली, घोडीसकट, वाघासकट. पळी पुष्कळदा आपटली आणि मी दर वेळी थोडा मागे आलो.

"म्हणजे आजी," नातीनं आत हाक मारली, "खरा फीडबॅक तूच होतीस! तू आजोबांना सूर दिलास!"

बायको पदराला हात पुसत दारात आली. साठ वर्षांत तिनं एकदाही कबूल केलेलं नाही, आणि त्या दिवशीही केलं नाही.

"मी सनईले सूर देला," ती माझ्याकडे मान उडवून म्हणाली. "यायले कोनं देला?"